ऑटोमोटिव्हमध्ये एम.टेक. करायचंय? आधी टायर बघ

इंदूरमध्ये एम.टेक. ऑटोमोटिव्ह करतेय म्हटलं की लोकांचे दोन गट पडतात. एक म्हणतो वा, म्हणजे पीथमपूरच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी पक्की. दुसरा गट, ज्यात आमच्या रामबागेतले जवळजवळ सगळे काका येतात, तो सरळ स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडतो, बघ गं जरा, स्टार्ट करताना टकटक येतंय. मी आपली प्रामाणिकपणे सांगते की काका, ह्यातलं मला तुमच्या मेकॅनिकएवढं कळत नाही, तर त्यांना वाटतं पोरगी भाव खातेय.

आता आत्येभाऊ बीईच्या शेवटच्या वर्षाला आलाय आणि त्याचा रोज एक मेसेज असतो, ताई मी पण ऑटोमोटिव्हच करू का, मला गाड्या जाम आवडतात. त्याला रोज तुकड्या-तुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं इथेच लिहून टाकते.

तर बाबा, गाड्या आवडतात एवढ्यावर दोन वर्षं निघत नाहीत. पहिल्या सेमिस्टरला गाडी दिसतच नाही मुळात. व्हेईकल डायनॅमिक्सच्या तासाला चार चाकांच्या गाडीची चक्क सायकल करून टाकतात, पुढची दोन चाकं मिळून एक, मागची दोन मिळून एक, आणि मग दोन समीकरणं मांडायची, एक गाडी आडवी किती सरकते त्याचं आणि एक ती स्वतःभोवती किती फिरते त्याचं. ह्याला बायसिकल मॉडेल म्हणतात. बीईला आम्ही बाजासाठी, म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या गाडी बनवायच्या स्पर्धेसाठी, बग्गी बनवली होती, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं इंजिन, रात्र-रात्र वेल्डिंग, हाताला ग्रीस, आणि शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स रेस, ती मजाच वेगळी. इथे ग्रीस नाही. इथे मॅट्रिक्स आहे.

पण त्या मॅट्रिक्सच्या मुळाशी जे बसलंय ते बघ. १२०० किलोची साधी हॅचबॅक घे, टायरमध्ये ३२ पीएसआय हवा, म्हणजे साधारण २.२ बार. एका चाकावर ३०० किलो आले, म्हणजे २९४० न्यूटनच्या आसपास, त्याला दाबाने भाग, उत्तर येतं १३०-१३५ चौरस सेंटीमीटर. हिशोब ढोबळ आहे, कारण टायरची बाजूची भिंतही थोडं वजन उचलते, पण अंदाज बरोबर आहे. म्हणजे बोटांसकट एक तळहात. तू ब्रेक मार, वळव, पावसात सुपर कॉरिडॉरवर शंभरने पळव, गाडी आणि रस्ता ह्यांच्यात जे काही व्हायचं ते असल्या चार तळहातांतूनच होणार. मला हा आकडा पहिल्यांदा काढल्यावर दिवसभर दुसरं काही सुचत नव्हतं.

वळणावर त्या तळहातातलं रबर पिळलं जातं. टायरचं तोंड एकीकडे असतं आणि तो प्रत्यक्षात चाललेला असतो किंचित दुसरीकडे, ह्या दोघांमधला कोन म्हणजे स्लिप अँगल. पहिल्या तीन-चार अंशांपर्यंत कोन दुप्पट केला की आडवं बळ पण जवळपास दुप्पट, अगदी शहाण्यासारखं वागतं, मग ग्राफ वाकायला लागतो, एका ठिकाणी माथा येतो आणि त्याच्यापुढे तू स्टीअरिंग कितीही फिरव, जास्त काही मिळत नाही, उलट कमीच होतं. आपल्या घरच्या गाड्या कंपन्या मुद्दाम अंडरस्टीअर, म्हणजे पुढची चाकं आधी सुटणाऱ्या, ठेवतात ते ह्याच्याचसाठी. भेरू घाट उतरताना एखादं वळण जास्त वेगात घेतलं गेलं तर गाडीचं नाक थोडं बाहेर जातं, माणूस घाबरून पाय उचलतो, आणि बहुतेक वेळा नेमकं तेच करायला हवं असतं. ओव्हरस्टीअर, म्हणजे मागची चाकं आधी सुटणाऱ्या गाडीचं गणित उलटं, तिला एक ठराविक वेग असतो, त्याच्यापुढे ती सरळ रस्त्यावरसुद्धा बिनभरवशाची. बाबा गाडी चालवताना मी शेजारी बसून हे सगळं समजावते म्हणून आता मला मागच्या सीटवर बसवतात.

ह्या ग्राफला बसणारं एक प्रसिद्ध सूत्र आहे, डेल्फ्टच्या हान्स पासेयका ह्यांचं, नावच मॅजिक फॉर्म्युला. मॅजिक अशासाठी की ते फिजिक्समधून पायरी-पायरीने निघत नाही, साइन आणि आर्कटॅन ही त्रिकोणमितीतली फलनं एकात एक घालून असा आकार तयार केलाय की मोजलेल्या आकड्यांवर तो बरोबर बसतो. बी, सी, डी, ई असे गुणांक टाकायचे की झालं. आता खरी गोम. हे गुणांक येतात टायर मशीनवर मोजून, आणि ते मोजलेले आकडे ज्याच्याकडे असतात तो ते कोणाला देत नाही. मी एका कंपनीला रीतसर पत्र पाठवलं, गाइडची सही, कॉलेजचा शिक्का, सगळं. आधी उत्तरच नाही, मग फोन केला तर एवढंच, मॅडम ये तो कॉन्फिडेन्शियल होता है. झालं. म्हणून कॉलेज निवडताना रँकिंग नंतर बघ, आधी हे विचार की तिथल्या मुलांच्या थीसिसला डेटा कुठून येतो. लॅबमध्ये डॅम्पर टेस्ट रिग, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर तपासायचं यंत्र, आहे का, असेल तर चालू आहे का, की त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर धूळ. सीनियर्सना विचारलंस की ते खरं सांगतात, प्रॉस्पेक्टस सांगत नाही.

ह्या बाबतीत भिया आपण इंदूरवाले नशीबवान, पण अर्धेच. नॅट्रॅक्स, म्हणजे पीथमपूरचं गाड्यांच्या चाचण्यांचं सरकारी केंद्र, घरापासून तासाभरावर. जून २०२१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकरांनी उद्घाटन केलं तो ११.३ किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक, आशियातला सगळ्यात लांब म्हणून तेव्हा सगळीकडे बातम्या आल्या होत्या. लोकांना वाटतं तिथे नुसत्या गाड्या सुसाट पळवतात. खरं तर तिथलं बरंचसं काम बघायला गेलास तर झोप येईल. कोस्ट डाउन टेस्ट बघ. गाडी ठरलेल्या वेगाला न्यायची, न्यूट्रल करायची आणि गप्प बसायचं. ब्रेक नाही, काही नाही, गाडी आपली हळूहळू मंदावत जाते आणि यंत्र प्रत्येक टप्प्याचा वेळ टिपत जातं. मग उलट्या दिशेने पुन्हा तेच, वारा आणि उताराचा फरक कटावा म्हणून. परत. परत. ह्यातून शेवटी हातात येतात तीन आकडे, एक स्थिर रोधाचा, एक वेगाबरोबर वाढणारा आणि एक वेगाच्या वर्गाबरोबर वाढणारा, ज्यात मुख्य वाटा हवेचा.

आणि हेच तीन आकडे चेसिस डायनॅमोमीटरला देऊन गाडी रोलरवर चालवतात, सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकलवर, म्हणजे वेग कधी किती ठेवायचा ह्याच्या ठरलेल्या वेळापत्रकावर, एकूण ११८० सेकंद आणि जास्तीत जास्त वेग ताशी ९०. कंपनीच्या जाहिरातीतलं ॲव्हरेज तिथून येतं. आता त्या सायकलमध्ये विजय नगर ते राजवाडा संध्याकाळी सातची गर्दी नाही, मध्येच थांबलेली ई-रिक्षा नाही, एसी पण नाही. काकांना बोनेटमधली टकटक नाही सांगता आली तरी माझी गाडी लिटरला एवढं का देत नाही गं, ह्याचं उत्तर मी बऱ्यापैकी देऊ शकते. प्रदूषणाच्या बाबतीत हीच गोची होती म्हणून १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात आरडीई (रिअल ड्रायव्हिंग एमिशन्स) आलं, यंत्र गाडीलाच लावून धुरातलं प्रदूषण खऱ्या रस्त्यावर मोजायचं.

अर्धेच नशीबवान का, तर ट्रॅक जवळ आहे म्हणजे गेट उघडं आहे असं नाही. ट्रॅकचा वेळ कंपन्या पैसे मोजून घेतात. गाइडचा तिथे प्रोजेक्ट चालू असेल तर तू आत, नाहीतर बाहेरून टाटा.

ॲडमिशनचं पटकन सांगते. गेट ह्या प्रवेश परीक्षेला ऑटोमोटिव्हचा वेगळा पेपर नाही, मेकॅनिकलचाच द्यायचा. स्कोअरवर सीट मिळाली तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड, तोही येईल तेव्हा खरा. पुण्यात लोक ज्या एआरएआय टेकडीवर सकाळी फिरायला जातात ती एआरएआय १९६६ पासूनची गाड्यांच्या चाचण्या-संशोधनाची संस्था, वेल्लोरच्या व्हीआयटीबरोबर तिथे एम.टेक. चालतं, आणि टेस्टिंग करणाऱ्यांच्याच आवारात शिकणं म्हणजे वर जे डेटाचं रडगाणं गायलं ते बरंच कमी. जर्मनी म्हणशील तर बऱ्याच सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाही, पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो, शिवाय एपीएस सर्टिफिकेट (इथल्या डिग्री-मार्कशीटच्या तपासणीचं), आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरलेलेच पैसे काढता येतात असं खातं) राहण्या-खाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवायचे, म्हणजे रुपयांत अकरा-बारा लाखांच्या घरात. आत्याला हा आकडा मी सांगणार नाही, तूच सांग. आणि कोर्स इंग्रजीत असला तरी छोट्या सप्लायर कंपन्यांत इंटर्नशिपला जर्मन लागतंच, असं तिकडे गेलेले सगळे सांगतात.

ईव्हीचं नाव लावलेले कोर्स आता बरेच निघालेत. नावावर जाऊ नकोस, सिलॅबस उघड. कंट्रोल्स आणि व्हेईकल डायनॅमिक्स नीट असेल तर घे, जुनाच इंजिनाचा कोर्स आणि शेवटी बॅटरीचं एक युनिट चिकटवलेलं असेल तर सोड. बॅटरीमुळे गाडी जड झाली की त्या तळहातावरचं ओझं वाढतंच, टायर काही सुटत नाही.

फॉर्म भरायच्या आधी एवढं कर. ऑक्टेव्ह हे गणिताचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते टाक आणि बायसिकल मॉडेल स्वतः लिही, जेमतेम तीस-चाळीस ओळी. वजन १२००, व्हीलबेस २.४ मीटर, पुढच्या-मागच्या टायरचा कडकपणा, म्हणजे स्लिप अँगलला आडवं बळ किती मिळतं तो आकडा, पुस्तकातून उचल. मग मागचा कडकपणा थोडा-थोडा कमी करत जा आणि कितव्या वेगाला गाडी हाताबाहेर जाते ते बघ. रविवारी ग्राफ घेऊन घरी ये, पोह्यांच्या आधी ग्राफ बघू, आणि प्लेसमेंटचं जे काय विचारायचंय ते पोहे खाताना विचार.