हिरड्याची आठळी: तिसऱ्या खेपेला दोन अंकुर

मागच्या नोंदीत हिरड्याचा ट्रे उकिरड्यावर ओतण्याची भाषा मी केली होती, ती आज मागे घेतो. पेरणीनंतर ७३ व्या दिवशी ४० पैकी दोन आठळ्या उगवल्या आहेत. ज्यांनी बेहडा सहज रुजवला आहे, त्यांना या आकड्याचे हसू येईल. हिरड्याच्या नादी लागलेल्यांना येणार नाही.

पहिल्या खेपेला मी दुकानातला बाळहिरडा पेरला होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेलच. भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबे एप्रिल-मे महिन्यांत जी कोवळी फळे वेचून उन्हात काळी पडेपर्यंत वाळवतात, ज्यांचा वेढा सहाणेवर उगाळून बाळगुटीत घालतात, त्या फळांत आठळी धरलेलीच नसते. हे तिथल्या एका आजींनी हसू आवरत सांगेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. दुसऱ्या खेपेची आठळी टपालाने मागवली आणि निम्मी किडीने पोखरलेली निघाली. झाडाखाली स्वतः वेचलेल्या बियाण्याला पर्याय नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. म्हणून या वेळी फेब्रुवारीत त्याच आजींच्या बांधावरच्या झाडाखालून, त्यांना विचारून, पिकलेला सुरवारी हिरडा आणला.

खरी अडचण आठळीच्या कवचाची आहे. गर काढून, चहासारखे होणारे पाणी तीनदा बदलून, रुंद टोक किंचित उघडायचे आणि मग ३६ तास थंड पाण्यात ठेवायचे, ही रीत ऐकायला सोपी वाटते. घरच्या अडकित्त्याने मात्र कवच कापले जात नाही, ते फुटते आणि आतला मगजही चेचला जातो. अशा ११ आठळ्या गमावल्यावर मी व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, आणि लोखंड कापायचे करवतीचे पाते घेतले. पांढरा मगज केसभर दिसताच हात थांबवावा लागतो. अखेर १२ आठळ्या अडकित्त्याने, १२ करवतीने उघडलेल्या आणि १६ नुसत्या भिजवलेल्या, अशा वाळू, लाल माती आणि शेणखतात पेरल्या. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, या वेळी मुद्दाम टाळले, कारण त्यात मागच्या खेपेला बुरशीच आधी उगवली होती.

दोन्ही अंकुर करवतीच्या ओळीतले आहेत. पानाच्या विड्यासारखी गुंडाळलेली बीजदले काल सकाळी अर्धी उलगडली होती आणि एका रोपाच्या डोक्यावर कवचाचा तुकडा टोपीसारखा अडकला होता. तो ओढून काढण्याचा मोह आवरून नुसते पाणी शिंपडत बसलो.

एवढे लिहून उठलो आणि सहज न कापलेली एक आठळी उकरून करवतीखाली घेतली, तर मगज अजून पांढरा आणि घट्ट आहे. म्हणजे त्या मेलेल्या नाहीत, कोंडलेल्या आहेत. म्हणून सगळा ट्रे पावसाळाभर तसाच ठेवण्याचा मनातला बेत बदलतो: उरलेल्या १५ पैकी सात आजच कापून पुन्हा भिजवतो आणि आठ तुलनेसाठी मातीतच राहू देतो. दोन कापून झाल्या आहेत, तिसरी व्हाइसमध्ये आहे.