हॉब्जची निसर्गावस्था म्हणजे मात्स्यन्याय नव्हे

सामाजिक करार, म्हणजे लोकांनी आपसांत करार करून राज्यसत्ता उभी केली हा विचार; त्याच्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास सापडतं: इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जची निसर्गावस्था (कुठलीही राज्यसत्ता नसतानाची माणसांची स्थिती) म्हणजे आपल्याकडचा मात्स्यन्याय. मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून राजा हवा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा हॉब्ज कळतच नाही.

मात्स्यन्यायात मोठा कोण आणि लहान कोण हे आधीच ठरलेलं असतं. हॉब्जच्या 'लेव्हायथन' या ग्रंथाचं (१६५१) तेरावं प्रकरण मात्र माणसं जवळपास सारखीच असतात, इथून सुरू होतं. कितीही दुबळा माणूस सर्वांत बलवानाला मारू शकतो, गुपचूप कट करून किंवा चार जणांना हाताशी धरून. (पैलवानालाही झोपावं लागतंच.) म्हणजे इथे मोठा मासाच नाही.

भांडणाची तीन कारणं हॉब्ज देतो: लाभासाठीची स्पर्धा, परस्परांबद्दलचा अविश्वास आणि मानमरातब. यातलं मधलं कारण सावकाश वाचायला हवं. माझ्याकडे पुरेसं धान्य आहे, तुमच्याकडेही आहे. भांडायची इच्छा दोघांनाही नाही. पण तुमच्या मनात काळंबेरं नाही याची खात्री मी कशी करून घेणार? असलंच, तर आधी वार करेल तो वाचेल. तुम्हीही माझ्याबद्दल हाच हिशोब मांडत असाल, हेही मला दिसतंय. अशा वेळी दोन सज्जन माणसंसुद्धा हत्यार उपसतात. म्हणूनच 'हॉब्जच्या मते माणूस दुष्ट' हे उत्तर चुकतं. कायदा आणि शिपाई असूनही तुम्ही रात्री दार लावून घेता, घरातल्या पेटीला कुलूप घालता, हे तो दाखवतो. आणि लगेच सांगतो की यात मनुष्यस्वभावाला दोष दिलेला नाही.

निसर्गावस्था वेगळी, म्हणून करारही वेगळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात (अधिकरण १, अध्याय १३) हेरांनी लोकांमध्ये जाऊन काय बोलायचं ते दिलं आहे: मात्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केलं, धान्याचा सहावा आणि विक्रीच्या मालाचा दहावा हिस्सा त्याला नेमून दिला, आणि त्यावर राजे प्रजेचा योगक्षेम वाहतात. ही देवघेव राजा आणि प्रजा यांच्यातली आहे. हॉब्जचा करार (प्रकरण १७) प्रजाजनांचा आपसांतला: तू तुझा हक्क सोड, मीही सोडतो, दोघं मिळून याला अधिकार देऊ. सार्वभौम, म्हणजे ज्याच्या हाती ही सर्वोच्च सत्ता दिली तो, त्यात पक्षकारच नाही, त्यामुळे 'राजाने करार मोडला' असं म्हणायला जागा उरत नाही. पुस्तक येण्याच्या दोनच वर्षं आधी, जानेवारी १६४९मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला चालवून त्याचा शिरच्छेद झाला होता. राजाला जाब विचारण्याची नेमकी ही वाट हॉब्जला बुजवायची होती. नंतरचा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने ती पुन्हा उघडली: सरकार विश्वस्त आहे, विश्वासघात केला तर लोक ते बदलू शकतात.

तरी एक फट हॉब्जकडेही राहतेच. जीव वाचवण्याचा हक्क कोणालाच सोडून देता येत नाही, म्हणून न्यायाने देहदंड झालेला माणूसही प्रतिकार करू शकतो, असं प्रकरण २१ सांगतं. आज्ञापालनाचं बंधनही सार्वभौम संरक्षण देऊ शकतो तोवरच. मग ते संरक्षण संपलं की नाही, हे ठरवायचं कोणी? प्रत्येकाने स्वतः, असंच त्याच्या मांडणीतून निघतं. आणि अखंड सार्वभौमत्वाशी याचा मेळ त्याला, माझ्या मते, शेवटपर्यंत घालता आलेला नाही.