लोखंडी बाक आणि रनिंग डिक्टेशन

इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या परिषदेची पत्रिका हातात पडली की उद्घाटनाची वेळ वाचायची आणि मनातल्या मनात त्यात पाऊण तास मिळवायचा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, आणि मग पाहुण्यांनी स्वतः करून दिलेला स्वतःचा परिचय. हा पाऊण तास कुठून तरी वसूल करावा लागतोच. जेवणाच्या सुट्टीला हात लावायची कोणाची छाती नसते, म्हणून कात्री लागते समांतर सत्रांना. २० मिनिटांचा पेपर १२ मिनिटांवर येतो. मुरलेला माणूस दहाच स्लाइड करतो आणि वेळ आलीच तर कोणत्या चार गाळायच्या, हे घरूनच ठरवून येतो. व्हिडिओही पेन ड्राइव्हवर उतरवून आणतो, कारण हॉलचं वायफाय नेमकं त्याच्याच पाळीला झोपतं.

एकाच वेळी पाच खोल्यांत पाच सत्रं. कुठे बसायचं? शीर्षकावर जाऊ नये. ‘इनोव्हेटिव्ह’ हा शब्द कोणालाही फुकट मिळतो. सारांशात एकच गोष्ट शोधावी: वर्गाचा पट किती होता. तो आकडा दिलेला असेल तर माणूस खरोखर वर्गात उभा राहिलेला आहे. टास्क-बेस्ड पद्धतीवर, म्हणजे मुलांना काही काम करायला देऊन त्यातून भाषा शिकवण्यावर, बोलताना परदेशी नावांची रांग लागते, पण इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरला आणि दक्षिणेतल्या इतर काही शाळांत, भरलेल्या वर्गांवर हेच करून पाहिलं होतं, याची आठवण दहातल्या दोघांना असते.

आयटेफल ही इंग्रजी शिक्षकांची ब्रिटनमधली संघटना १९६७ ची, तशीच आपली भारतातली एल्टाय १९६९ ची. इतक्या वर्षांत खेळ आणि उपक्रम तिकडून इकडे भरपूर आले. त्यातले बरेचसे मात्र बारा-पंधरा जणांच्या, सुट्या खुर्च्यांच्या वर्गासाठी रचलेले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा हे खेळ येऊन धडकले ते तिघांच्या लोखंडी बाकांवर.

रनिंग डिक्टेशनच घ्या. साठेक शब्दांचा उतारा भिंतीला लावायचा. जोडीतल्या एकाने जाऊन वाचायचं, लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं; दुसऱ्याने लिहायचं. अर्ध्यावर कामं बदलायची, शेवटी मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचं. कार्यशाळेत एसी हॉलमधले वीस शिक्षक हे दहा मिनिटांत हसतखेळत उरकतात.

आता हेच धारावीतल्या किंवा गोवंडीतल्या साठ मुलांच्या वर्गात. एका कागदापाशी तीस मुलं म्हणजे दादरचा पूल. म्हणून जोड्या नकोत, बाकावरच्या तिघांचाच गट करावा: एक धावणारा, एक लिहिणारा, आणि तिसरा नुसता तपासणारा, ज्याने कॅपिटल अक्षरं, पूर्णविराम आणि स्पेलिंग पाहायचं. धावणारे वीसच उरतात. उताऱ्याच्या पाच प्रती पाच ठिकाणी लावल्या की एका प्रतीपाशी चौघे. प्रती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हव्यात. शिक्षकाच्या उंचीवर लावल्या की मागची बुटकी मुलं पुढच्यालाच विचारून घेतात. अक्षर बारीकच ठेवावं, नाहीतर भिंतीलगतचे बाक बसल्या जागेवरून वाचून मोकळे होतात. अर्ध्या वाटेवरून ओरडून सांगणं हा या खेळाचा ठरलेला रोग. त्यावर नियम एकच: बाकाला हात टेकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि धावायचं नाही, चालायचं. दोन बाकांमधली वाट जेमतेम दोन फूट, त्यातही दप्तरं. पस्तीस मिनिटांचा तास पुरा लागतो. शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवावं, नाहीतर ताडून पाहायच्या वेळेलाच मुख्याध्यापक दारात.

कार्यशाळेत हे कोणी सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही. प्रश्नोत्तरांची पाच मिनिटं ‘माझा प्रश्न नाही, एक छोटी टिप्पणी आहे’ म्हणून उठणाऱ्या गृहस्थांकडे जातात. खरी चौकशी चहाच्या रांगेत, चक्क मराठीत होते: मॅडम, तुमचे बाक हलतात का? झेरॉक्सचे पैसे शाळा देते का? वक्त्याला गाठायची जागा तीच. हँडआउट तिथेच मागावं. बहुधा चाळीस प्रती काढलेल्या असतात आणि माणसं साठ येतात.

प्रकाशकांच्या स्टॉलवर नमुना प्रत मिळते, बदल्यात मोबाइल नंबर द्यावा लागतो आणि पुढे जूनपर्यंत फोन येत राहतात. हा सौदा ज्याने त्याने ठरवावा.

प्रमाणपत्रं समारोपानंतरच वाटतात. आधी दिली तर हॉल रिकामा होईल, हे आयोजकांना पक्कं ठाऊक. परिषद कलिन्याला असेल तर बदलापूर-कर्जतकडची मंडळी आभारप्रदर्शन सुरू होताच दाराकडे सरकू लागतात, कारण कुर्ल्यापर्यंतच्या रिक्षेचा भरवसा नसतो. घाई कितीही असो, प्रमाणपत्र टेबलापाशीच उघडून वाचावं: नावाचं स्पेलिंग, तारीख, आणि ‘सहभागी’ छापलंय की ‘पेपर सादर केला’. नंतर दुरुस्तीसाठी फोन केला तर समिती विसर्जित झालेली असते.