ताशी १०० ला थरथरणारे स्टिअरिंग : तपासाची आतापर्यंतची नोंद

ताशी ९० ते ११० किलोमीटर या पट्ट्यात स्टिअरिंगला येणारी थरथर आता पुष्कळ उतरली आहे. ती अजून पूर्णपणे गेलेली नाही. मात्र ती निर्माण कोठे होते आणि वाढते कशामुळे, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, हे मोजमापांतून स्पष्ट झाले आहे. या तक्रारीवर बॅलन्सिंग (लहान वजने लावून चाकाचा समतोल साधणे), मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे), मग नवे टायर असा खर्च करत जाऊनही थरथर तशीच राहिल्याचे अनेकांकडून ऐकायला मिळते, म्हणून तपासाचा क्रम आणि हाती आलेले आकडे येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, टायर १९५/६५ आर १५ या मापाचे आहेत आणि अलॉय रिम कंपनीचेच आहेत. वेग ९० च्या जवळ आला की स्टिअरिंगच्या कडेवर बोटांना हलका कंप जाणवू लागे, १०० ला स्टिअरिंग डावी-उजवीकडे उघड थरथरे आणि ११५ ओलांडल्यावर ते पुन्हा शांत होई. सीट आणि फ्लोअर मात्र जवळजवळ स्थिर असत.

लक्षणांवरून काय वगळता आले

त्याच वेगात हलका ब्रेक लावल्यावर थरथर वाढत नव्हती. ब्रेक डिस्कच्या जाडीत फरक पडलेला असेल, तर ब्रेक लागताच स्टिअरिंग हलू लागते आणि बहुधा पेडलवरही ते कळते; त्यासाठी जाडीतला ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर एवढा फरकही पुरेसा ठरतो. त्यामुळे डिस्कवरचा संशय बराच मागे पडला. पुढे रस्ता मोकळा आणि सरळ असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून क्लच दाबला, तरीही थरथर तशीच राहिली. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा, आतला जॉइंट झिजलेला असता, तर जोर देताना गाडी हलली असती आणि जोर काढताच स्थिर झाली असती. इंजिनाचाही यात हात नाही, हेही याच चाचणीतून दिसले.

याला आकड्यांचा आधार हवा होता. या मापाच्या टायरचा बाह्य व्यास सुमारे ६३५ मिलिमीटर आहे आणि गाडीच्या वजनाखाली तो एका फेऱ्यात साधारण १.९३ मीटर अंतर कापतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजेच चाक सेकंदाला सुमारे १४.४ वेळा फिरते. मोबाइलमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरची नोंद घेऊन तिचे कंपनसंख्येनुसार विश्लेषण करणारी अ‍ॅप सहज मिळतात. मोबाइल डॅशबोर्डवर घट्ट बसवून शेजारी बसलेल्या व्यक्तीने नोंद घेतली, तेव्हा आलेखातले मोठे शिखर, म्हणजे सर्वांत जोरदार कंपन, बरोबर १४ ते १५ हर्ट्झच्या मध्ये आले, आणि गिअर बदलून इंजिनाची गती वेगळी केली तरी ते जागचे हलले नाही.

एक मर्यादा येथे लक्षात ठेवावी लागते. टायर, रिम, हब (चाक ज्यावर बोल्टने बसते तो फिरता भाग), डिस्क आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट हे सर्व एकाच गतीने फिरतात, त्यामुळे १४.४ हर्ट्झचे शिखर या सर्व कुटुंबाकडे बोट दाखवते, त्यातल्या एकाकडे नाही. ड्राइव्ह शाफ्टचा आतला ट्रायपॉड (तीन रोलरांचा) जॉइंट बिघडला, तर तिप्पट कंपनसंख्येचे, म्हणजे ४३ हर्ट्झच्या जवळचे शिखर येते. परंतु २६०० आरपीएमवर चालणाऱ्या इंजिनाचा एक फेराही सेकंदाला ४३ वेळाच पडतो. दोन वेगळ्या गिअरमध्ये नोंद घेतल्याशिवाय या दोहोंतला फरक कळत नाही.

सरळ रस्त्यावर एकाच वेगाने जाताना थरथर सलग न राहता वीसएक सेकंदांच्या चक्राने चढत आणि उतरत असे. डाव्या आणि उजव्या टायरच्या त्रिज्येत केवळ १ मिलिमीटरचा फरक असला, तरी १०० च्या वेगाला दोन्ही चाकांची लय सुमारे २१ सेकंदांत एकमेकांना गाठते आणि पुन्हा दूर जाते. दोघांचे धक्के स्टिअरिंगला एकाच दिशेला ढकलणारे झाले की थरथर वाढते, उलट दिशांना गेले की घटते. हे चढउतार म्हणजे दोष दोन्ही पुढच्या चाकांत, कमी-अधिक प्रमाणात, असल्याची खूण होती. मला हे निरीक्षण सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

बॅलन्सिंग, आणि शून्याचा अर्थ

रिमच्या कडेवरचा १० ग्रॅमचा असमतोल ताशी १०० ला सुमारे १६ न्यूटनचा, म्हणजे अंदाजे १.६ किलो वजनाएवढा फिरता जोर निर्माण करतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ५० च्या वेगाला तो चौथाईच राहतो आणि जाणवतही नाही. त्याची दिशा सतत फिरत असते. ती पुढे-मागे होते तेव्हा स्टिअरिंगचा वळण-अक्ष आणि चाकाचा मध्य यांतल्या अंतरामुळे चाक किंचित वळवले जाते आणि तेच टाय रॉडमार्फत, म्हणजे चाक आणि स्टिअरिंग यांना जोडणाऱ्या दांड्यामार्फत, हातापर्यंत पोचते.

बॅलन्सिंगपूर्वी रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल खरवडून काढला आणि टायरमध्ये रुतलेले खडे काढले. मशीनवर चारही चाके शून्यावर आणल्यानंतर थरथर कमी झाली, परंतु गेली नाही. येथे सर्व वाचकांना एक आग्रहाची विनंती आहे : चाक शून्यावर आले की ते सैल करून मशीनच्या शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला सांगावे आणि पुन्हा मोजायला लावावे. चाक मशीनवर नीट मध्यावर बसले असेल, तर दुसऱ्या खेपेलाही आकडा ५ ग्रॅमच्या आतच राहतो. तो १५ किंवा २० ग्रॅम दाखवू लागला, तर चाक शाफ्टच्या मध्यावर धरणारा शंकू (कोन) चुकीच्या बाजूने लागला आहे किंवा झिजला आहे, आणि पहिला शून्य निरर्थक आहे. माझ्या चाकांनी ही परीक्षा पार केली. म्हणजे बॅलन्सिंग खरोखरच झाले होते आणि उरलेल्या थरथरीचे कारण वेगळे होते.

त्यानंतर पुढची चाके त्याच बाजूला मागे आणि मागची पुढे लावली. स्टिअरिंग जवळजवळ शांत झाले आणि कंप सीटखाली जाणवू लागला. हब, डिस्क, बेअरिंग आणि शाफ्ट जागच्या जागी असताना लक्षण चाकांबरोबर मागे गेले, त्यामुळे उगम चाकातच आहे हे ठरले. मग एकेक चाक परत पुढे आणून पाहिले, तेव्हा मूळचे डावे पुढचे चाक अधिक दोषी निघाले.

गोलाईचे मोजमाप

समतोल चाक गोल असतेच असे नाही. मशीन चाकाला हवेत फिरवते. रस्त्यावर त्यावर गाडीचे वजन असते. टायरचा एखादा भाग उंच किंवा अधिक ताठ असेल, तर तो जमिनीला टेकताना प्रत्येक फेऱ्यात एकदा चाकाला वर ढकलतो, आणि वजने लावून ही ढकल जात नाही.

मोजण्याआधी वीसएक किलोमीटर गाडी चालवून टायर गरम करून घेतले, कारण उभ्या गाडीच्या टायरला खालच्या बाजूने येणारा तात्पुरता सपाटपणा आकडे बिघडवतो. मागच्या चाकांना अडणी लावून, गाडी जॅक स्टँडवर घेऊन, ट्रेडच्या, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागाच्या, मधल्या पट्टीभोवती चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे डायल गेजचे (बारीक उंचसखलपणा काट्यावर दाखवणाऱ्या मापकाचे) टोक खाचांत अडकत नाही, आणि चाक हाताने सावकाश फिरवले. डाव्या चाकाची गोलाई एका फेऱ्यात १.६ मिलिमीटरने आउट होती. रिमच्या कडेवर मोजले, तर तेथे ०.४ मिलिमीटर आले, जे स्वतंत्रपणे चिंतेचे नाही. उजव्या चाकावर एकूण आकडा ०.९ होता.

हे १.६ मिलिमीटर किती जड पडतात, ते पाहण्यासारखे आहे. अशा टायरचा उभा ताठपणा ढोबळमानाने मिलिमीटरला २०० न्यूटन धरला, तर उंच आणि सखल बिंदूंमधल्या जोराचा फरक सुमारे ३२० न्यूटन होतो. १० ग्रॅमच्या असमतोलात हाच फरक ३२ न्यूटनच्या आसपास असतो. दोन-पाच ग्रॅमसाठी मशीनवर झटत राहण्याआधी गोलाई पाहावी, असे मी ठामपणे म्हणतो ते या गणितामुळे. अर्थात डायल गेज केवळ आकार मोजते; आकाराने गोल असलेल्या टायरमध्येही ताठपणाचा फरक असू शकतो आणि तो टायरवर रोलर दाबून मोजणाऱ्या बॅलन्सिंग मशीनवरच कळतो.

साइडवॉलवर किंवा ट्रेडवर फुगवटा दिसला, तर मात्र मोजमापात वेळ घालवू नये. आतले पट्टे किंवा धागे सुटलेले असतात आणि तो टायर कधीही फुटू शकतो. त्याच क्षणी तो वापरातून काढावा. माझ्या टायरवर तसे काही नव्हते.

हबवर चाक दोन बोल्टांनी पुढे फिरवून बसवले, तेव्हा उंच बिंदूही चाकाबरोबर फिरला. म्हणजे हब निर्दोष होता. मग रिम आणि टायर यांचे उंच बिंदू स्वतंत्रपणे खुणावले, तर ते जवळजवळ एकाच जागी आले होते. रिमचे ०.४ आणि टायरचे सुमारे १.२ यांची बेरीज होत होती. बीड (टायरची रिममध्ये घट्ट बसणारी कड) सोडवून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला की हीच बेरीज वजाबाकी होते. नव्या टायरवर लाल ठिपका उंच बिंदू आणि पिवळा ठिपका हलका बिंदू दाखवतो, आणि ते पाहून बसवणी करता येते. वापरलेल्या टायरवर ठिपके पुसलेले असतात, तेथे गेजच कामी येते. हवा भरल्यावर रिमलगतची साइडवॉलवरील बारीक उठावाची रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे ना, हे पाहिले, कारण बीड एका जागी खाली राहिला तर सगळे कष्ट वाया जातात. नव्या मोजणीत १.६ चे ०.९ झाले. त्यानंतर पुन्हा बॅलन्सिंग केले, ते अनिवार्यच असते.

चाके लावताना हबचा तोंडाचा भाग आणि मधला उंचवटा तारेच्या ब्रशने गंज काढून साफ केला. गंजाची पापडी एका बाजूला राहिली, तर चाक तिरके बसते. चाक हवेत असतानाच बोल्ट ताऱ्याच्या क्रमाने हाताने बसवले आणि शेवटचा कस टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर दिला. बाहेरचे अलॉय असलेल्यांनी मधल्या भोकाचा व्यास हबशी जुळतो का, हेही पाहावे. जुळत नसेल तर योग्य मापाची हब रिंग लागते.

उरलेले काम

या सर्वांनंतर मोबाइलवरचे १४.४ हर्ट्झचे शिखर मूळच्या निम्म्याहून खाली आले आहे. तरीही १०० ला स्टिअरिंग किंचित बोलते. चाक हवेत असताना ९ आणि ३ च्या जागी धरून हलवले, तर टाय रॉड एंडमध्ये ढील नाही. १२ आणि ६ च्या जागी धरले, तर बॉल जॉइंट आणि बेअरिंगही ठीक आहेत. डाव्या लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या भुजेचा) मागचा बुश, म्हणजे तिच्या सांध्यातला रबरी भाग, मात्र सब्बलीने तपासला, तेव्हा रबर अर्ध्याहून अधिक चिरलेले दिसले.

बुश फिरत नाही, त्यामुळे तो सेकंदाला १४ धक्के निर्माण करू शकत नाही. पण चाकाला पुढे-मागे होण्यापासून रोखणारा तोच आहे, आणि तो सैल झाला की लहान धक्काही स्टिअरिंगवर मोठा होऊन येतो. पुढचे चाक, आर्म आणि स्टिअरिंग यांची मिळून स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. चाकाचे फेरे तिच्या जवळ आले की थरथर फुगते आणि ओलांडून गेले की विरते. केवळ बुश बदलला असता तर थरथर काही काळ दबली असती आणि आउट टायर तसाच राहिला असता. म्हणून आधी उगम, मग वाढवणारा भाग, असा क्रम ठेवला.

नवा बुश बसवताना त्याचा मधला बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच पक्का करणार आहे. आर्म लोंबकळत असताना तो आवळला, तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नंतर अलाइनमेंट तपासून घ्यावी लागेल. नव्या ताठ रबरामुळे नैसर्गिक कंपनसंख्या वर सरकण्याची आणि थरथरीचा वेगही १०० वरून पुढे जाण्याची शक्यता आहे, म्हणून पुढची नोंद त्याच रस्त्यावर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, केवळ १०० ला न घेता ८० ते १२० या संपूर्ण पट्ट्यात घेईन.