आधी घरातली चप्पल बघा

चांगली चप्पल कोणती घ्यावी असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परभणीत आमचं चपलांचं दुकान आहे हे कळलं की हळदीकुंकवाला, लग्नात, दवाखान्याच्या रांगेतसुद्धा बायका तोच विषय काढतात. "ताई, चांगली चप्पल कोणती घेऊ? टिकली पाहिजे, पायात बरी दिसली पाहिजे, अन् लई महाग नको."

मी आधी उलटं विचारते : दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ तुम्ही कुठं उभ्या असता? बहुतेकींचं उत्तर ओट्यापाशी. कुणी शेतात, कुणी वर्गात, कुणी अंगणवाडीत. मग तिथं पायात काय असतं? पोरीनं टाकून दिलेली स्लिपर, नवऱ्याची दोन नंबर मोठी हवाई, नाहीतर काहीच नाही. वर्षातून चार लग्नांत मिरवायची सँडल मात्र हजार-बाराशेची. माझं म्हणणं एवढंच, की ज्या चपलेवर रोज आठ-दहा तास काढायचे तिच्यावर आधी पैसे घाला, लग्नातलीचं मग बघू.

शहाबादी फरशी असो की टाइल्स, दोन्ही कडक. पातळ, घासून कागद झालेल्या स्लिपरवर उभं राहिलं की टाचेला काहीच आधार उरत नाही. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येते, दहा पावलं चाललं की कमी होते, असं सांगणाऱ्या बायका दुकानात नेहमी येतात. ते दुखणं डॉक्टरला दाखवायचंच, पण घरात जाड, मऊ आणि टाचेकडं जराशी उंच चप्पल घालायला लागलं की पुष्कळजणींना उतार पडतो. तळ मऊ म्हणजे लोण्यासारखा नको. अंगठ्यानं दाबून बघा : दबला पाहिजे आणि लगेच वर आला पाहिजे. मग चप्पल दोन्ही हातांनी वाकवा. ती चवड्यापाशी वाकावी, कारण पाऊल तिथंच वाकतं. मधोमध दुमडली तर ठेवून द्या.

टाचेच्या भेगांचंही तसंच. कोरडी हवा, कोरडी कातडी ही कारणं आहेतच, पण मागून उघडी आणि आखूड चप्पल असली की उभं राहिल्यावर टाचेचं मांस कडेनं बाहेर पसरतं, कातडी ताणते आणि चिरते. क्रीम कितीही लावा, टाच चपलेच्या बाहेर लोंबत असेल तर भेग भरत नाही. टाचेमागं अर्धा सेंटीमीटर तरी तळ उरला पाहिजे.

यावरून नंबराचं भांडण सुरू होतं. "माझा पाचच नंबर हाय, लग्नापासून!" अहो मावशी, लग्नानंतर दोन बाळंतपणं झाली की. गरोदरपणात पावलाचे सांधे सैलावतात, कमान थोडी खाली बसते, पाऊल जरासं लांब-रुंद होतं आणि पुष्कळजणींचं ते तसंच राहतं. त्यात सकाळच्या आणि संध्याकाळच्या पावलात फरक असतो. दिवसभर उभं राहून ते फुगतं. म्हणून चप्पल घ्यायला संध्याकाळी या, दोन्ही पायांत घालून बघा आणि मोठ्या पायाच्या मापानं घ्या. डाव्या-उजव्यात थोडा फरक असणं यात विशेष काही नाही.

नंबर तरी कुठले आपले! आपल्याकडं चपलेवर विलायती नाहीतर युरोपचा आकडा छापलेला असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरच्या लोकांची पावलं मोजून 'भा' नावाची भारतीय मापं सुचवली आहेत. आपली पावलं रुंद असतात हे त्यांना मोजणीत दिसलं. आमच्या दुकानातल्या स्टुलावर बसणाऱ्याला ते मोजणीशिवाय दिसतं. पुढून निमुळती चप्पल रुंद पावलाला एक नंबर मोठी दिली तर ती लांबीला सैल होते आणि बोटांना तशीच आवळते. नंबर वाढवण्यापेक्षा पुढून गोल किंवा चौकोनी घाट निवडा.

आणि जोडव्यांचा विचार कोणी करत नाही, बनवणारे तर नाहीच. मासोळ्या-विरोद्या घालणाऱ्या बाईला बोटांवरून घट्ट जाणारा पट्टा घासतो, चांदीची कड शेजारच्या बोटात रुतते. अंगठ्याची चप्पल किंवा बोटांच्या मागं, पावलाच्या उंचवट्यावरून जाणारा रुंद पट्टा बरा. पैंजण असतील तर व्हेल्क्रो टाळा. घुंगरू अडकलं की आधी व्हेल्क्रो कुरतडला जातो, मग पैंजण तुटतं.

आता शेत. जून लागला की आपली काळी माती कशी वागते ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि तळाला थरावर थर धरते. शंभर पावलांत चप्पल दोन-दोन किलोची, आणि पाय उचलला की चपलेचा अंगठा तळातून उपटून हातात. अशा वेळी खोल, बारीक नक्षीचा तळ घेऊ नका, चिखल त्यात घट्ट बसतो. रुंद, उथळ खाचा असलेला रबरी तळ काडीनं साफ होतो. हलक्या फोमच्या, म्हणजे ईव्हीएच्या चपला घरात उत्तम, पण बांधावर बाभळीचा काटा त्यांतून थेट तळव्यात येतो. जुन्या टायरच्या तळाची चप्पल दिसायला ओबडधोबड, पण काट्याला दाद देत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या बायका येतात, त्यांना मी चप्पल दाखवतच नाही. तोडलेल्या उसाची बुडखं सुरीसारखी असतात, पाचटात साप असू शकतो. तिथं बंद बूटच पाहिजे. "बूट गडीमाणसं घालत्यात" असं म्हणणारीला सासू सोबत असली तर समजावणं सोपं जातं. का कोण जाणे, सासवा या बाबतीत शहाण्या निघतात.

साखरेचा आजार असलेल्या काकूंसाठी माझे नियम वेगळे आणि कडक. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर चप्पल चावलेली कळत नाही, खडा शिरलेला कळत नाही, आणि मागच्या पट्ट्याविना स्लिपर पायातून निसटलेलीही कळत नाही. त्यांना मागं पट्टा असलेली, आत शिवण न टोचणारी, एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल सांगते. रोज घालण्याआधी आत हात फिरवायचा. उन्हाळ्यात तुळजापूरला, औंढ्याला दुपारी अनवाणी तापल्या फरशीवरून चालू नका. जाणीव नसलेल्या पायाला फोड येतो आणि तो संध्याकाळी कुणीतरी दाखवल्यावर कळतो. नवस बोललाच असेल तर पहाटे जा, देव तेव्हाही जागाच असतो.

टिकवण्याचं म्हणाल, तर प्रत्येक माल वेगळ्या कारणानं मरतो. ईव्हीए उन्हानं. मे महिन्यात पत्र्यावर वाळत घातलेली सहा नंबरची जोडी उचलायला जावं तर आकसून पाच नंबरची झालेली, वर कडा वळलेल्या. साबण आणि जुन्या दातांच्या ब्रशनं धुवा, सावलीत वाळवा. पीयूच्या, म्हणजे पॉलियुरेथेनच्या, तळाचं उलटं आहे, तो जपल्यानं मरतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन-चार वर्षं कपाटात ठेवलेली सँडल भाचीच्या लग्नात काढली आणि मांडवात तळ भुसभुशीत होऊन गळून पडला, असं सांगत येणारी एक तरी दर हंगामात असते. हवेतल्या दमटपणानं तो माल आतून तुटत जातो. त्यात दुकानदाराची लबाडी नसते. अशी सँडल अधूनमधून घाला, प्लास्टिकऐवजी कापडी पिशवीत ठेवा.

कोल्हापुरीबद्दल तर रोज विचारणा. खरी कोल्हापुरी बाभळीची साल, हिरडा वगैरेंनी कमावलेल्या कातड्याची असते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना. त्यात मराठवाड्याच्या शेजारचं सोलापूर आहे. नवी असताना ती चावणारच. पट्ट्याला आतून एरंडेलाचं बोट फिरवा, आठवडाभर घरात तास-दीड तास घाला. पावसात काढू नका. भिजलीच तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा, चुलीजवळ किंवा उन्हात नेली की कातडं कडक होऊन तडकतं. उरुसात स्वस्तात मिळते ती बरेचदा रेक्झिनची असते. कापलेली कड बघा, आत कापडाचा दोरा दिसला तर रेक्झिन. वाईट नाही, फक्त कातड्याचे पैसे देऊ नका.

शिलाई की चिकटवलेली? शिलाईची घ्या, नाहीतर चिकटवलेली घेतल्या-घेतल्या कोपऱ्यावरच्या मामांकडून कडेनं टाके मारून घ्या. हवाईवर आयएसआयची खूण असेल तर आयएस १०७०२ हा आकडा शोधा, तो रबरी हवाईचा आहे. हवाईचा अंगठा भोकातून निसटत असेल तर खालून सेफ्टीपिन लावायची आपली जुनी सवय सोडा, ओल्या फरशीवर ती पिन घसरते. नवा पट्टा आठवडी बाजारात मिळतो.

तळाची नक्षी पुसली गेली की चप्पल टाकायची, पट्टा नवा दिसत असला तरी. न्हाणीघरात पडून माकडहाड मोडणाऱ्यांच्या पायात बहुधा अशीच गुळगुळीत जोडी असते. पण नवी घ्यायला याल तेव्हा ती जुनी पिशवीत घालून आणा. टाच बाहेरच्या कडेनं थोडी झिजलेली असली तर ते नेहमीचं. आतल्या बाजूनं खचली असेल, किंवा एकच पाय जास्त झिजला असेल, तर मी आधी गुडघ्याचं विचारीन, मग रंग कोणता पाहिजे ते.