आधी सायकली परत आणायचं बघा: कोकण किनाऱ्याची सफर आणि एक पार्सल ऑफिस

कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर जायचं मनात असेल तर रस्ते, चढ, मुक्काम हे सगळं नंतर ठरवा. सगळ्यात आधी बघा की सायकली परत कशा आणणार. सफर संपून बरेच दिवस झाले तरी माझा राग गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले. मांडव्यापासून मालवणपर्यंत आम्हा दोघींना वाटेत कोणी अडवलं नाही. अडवलं ते परतीच्या दिवशी, रेल्वेच्या एका पार्सल ऑफिसात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत.

आम्ही दोघीच होतो, मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. कुठल्या कंपनीची टूर नाही, मागून सामान घेऊन येणारी गाडी नाही. कॅरिअरला दोन-दोन पिशव्या, फोनवर नकाशा आणि कागदावर खाड्यांची यादी एवढीच तयारी. खाड्यांची यादी मुद्दाम म्हणते, कारण या वाटेवर दिवसाचा हिशोब किलोमीटरवर बसत नाही, फेरीबोटीवर बसतो. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट आहे, 2020 पासून सुरू झालेली. तिच्यात सायकल घालता येते. तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड. मग आगरदांड्याहून दिघीला बोट. दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर झालं की सावित्रीच्या खाडीवर बागमांडल्याहून वेश्वीला. वाशिष्ठीवर दाभोळहून धोपाव्याला. गुहागर, हेदवी मागे टाकलं की शास्त्रीच्या खाडीवर तवसाळहून जयगडला. दाभोळला बोट चुकली आणि रस्त्याने गुहागर गाठायचं म्हटलं तर चिपळूणवरून वळसा पडतो, सायकलवाल्याचा अख्खा दिवस गेला समजा. म्हणून शेवटची फेरी किती वाजता आहे ते आदल्या मुक्कामाच्या गावातच विचारून ठेवावं.

या प्रत्येक जेट्टीवर सायकलचं तिकीट किरकोळ. ना फॉर्म, ना ओळखपत्र, ना पॅकिंग. बोटीवरचा पोरगा हाताने खूण करतो, आपण रॅम्पवरून सायकल वर ढकलायची, बोलेरो आणि ॲक्टिवांच्या मधल्या फटीत कठड्याला टेकवायची आणि पलीकडे उतरायचं. हे इतकं सरळ होतं म्हणूनच पुढचं जास्त झोंबलं.

रस्त्याबद्दल थोडक्यात. गावं खाडीच्या पातळीला आणि रस्ता वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, त्यामुळे रोज चढ आणि रोज उतार. थंडीत दुपारनंतर वारा समुद्राकडून, वायव्येकडून येतो. उत्तरेकडून दक्षिणेला गेलात तर तो पाठीशी राहतो. उलट दिशेने जाणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण सल्ला विचाराल तर जाऊ नका. सड्यावर सावली नाही आणि पाणीही नाही, गाव सोडतानाच बाटल्या भरा. शेखाडीचा समुद्राला लागून जाणारा रस्ता आणि आरे-वारेचा चढ, या दोन ठिकाणी घाई करू नका. घरगुती मुक्काम सगळीकडे मिळतात आणि दोघी बायका सायकलवरून आल्यात म्हटल्यावर काकू लोक भाकऱ्या वाढायला हात आखडत नाहीत. यापलीकडे मला रस्त्याबद्दल तक्रार नाही.

आता ते ऑफिस. स्टेशनचं नाव लिहीत नाही. तिथल्याच दुसऱ्या पाळीतल्या माणसाने आमचं काम केलं, तेव्हा सगळ्यांना एका मापात मोजणं बरोबर नाही.

मुंबईची रात्रीची गाडी होती, स्लीपरची दोन्ही तिकिटं कन्फर्म. सायकली त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गार्डच्या डब्यातल्या सामानाच्या कप्प्यातून न्यायच्या हे आधीपासून ठरलेलं. नियम असा आहे की तुमच्याकडे त्या गाडीचं तिकीट असेल तर सायकल तुमचं लगेज म्हणून बुक होते आणि तुमच्याच गाडीने जाते. स्लीपरला 40 किलो सामान फुकट असतं, पण सायकल, स्कूटरला ती सवलत नाही, तिचे पैसे भरायचे. भरायला आम्ही तयारच होतो. गाडी सुटायच्या किमान 30 मिनिटं आधी लगेज ऑफिसात द्यावं एवढीच वेळेची अट. आम्ही सकाळीच जाऊन उभ्या राहिलो.

खिडकीतला माणूस म्हणाला, "सायकल पार्सलमध्ये जाईल. उद्या, परवा, जागा असेल तशी."

मी म्हटलं, "पार्सल नको, लगेज करायचंय. ही तिकिटं."

"मॅडम, लगेज म्हणजे बॅगा."

हे एक वाक्य दिवसभर पुरलं. लगेज आणि पार्सल यात फरक आहे आणि तो तुम्हाला पाठ असला पाहिजे. पार्सल तुमच्याशिवाय जातं, कुठल्या गाडीने जाईल याचा भरवसा नाही. लगेज तुमच्या तिकिटाला जोडलेलं असतं. खिडकीवर "सायकल पाठवायची आहे" असं म्हणू नका. पाठवायची म्हटलं की समोरचा हात आपोआप पार्सलच्या कागदाकडे जातो. "माझ्या तिकिटावर लगेज बुक करायचंय, ब्रेकव्हॅनमध्ये" असं म्हणा आणि तिकिटाची व आधारची झेरॉक्स पुढे करा. झेरॉक्स आधीच काढून ठेवा, त्या स्टेशनाबाहेरचं झेरॉक्सचं दुकान उघडायला अकरा वाजले.

मग पॅकिंग. हे त्याचं बरोबर होतं, उघडी सायकल कोणी घेत नाही आणि घेऊही नये. प्लॅटफॉर्मच्या टोकाला एक वयस्कर हमाल गोणपाट शिवून देतात असं चहावाल्याने सांगितलं. त्यांनी सायकलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "पेडला काढा ओ बाय, नायतर खयतरी अडाकतली." पंधरा नंबरचा पाना आमच्याकडे होता. पाना नसेल तर सायकलच्या दुकानातून आणा, आणि लक्षात ठेवा की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आम्ही मागच्या चाकावर चेन सगळ्यात मोठ्या चक्रीवर घेतली, म्हणजे गिअरचा हात, चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा, आत वळतो आणि मार लागत नाही. त्याच्यावर पुठ्ठा बांधला. हँडल आडवं करून फ्रेमला बांधलं. काकांनी गोणपाट गुंडाळून बोटभर लांब दाभणाने सुतळीचे टाके घातले, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ. एक गाठ सुटली तरी बाकीची शिवण उसवत नाही, असं त्यांनीच समजावलं. हे काम बघण्यासारखं होतं. सायकलमागे त्यांनी मागितले तेवढे दिले, घासाघीस केली नाही.

शिवलेल्या सायकली ढकलत खिडकीशी आणल्या तर फॉर्म संपलेले. "झेरॉक्स मारून आणा." आणले. भरले. दोन्ही टोकांना पुठ्ठ्याची लेबलं लावली: नाव, फोन, कुठून कुठे, पीएनआर. ही लेबलं जाड मार्करने लिहा आणि आत गोणपाटाखालीही एक कागद ठेवा, बाहेरचं फाटलं तर आतलं राहतं.

तेवढं झाल्यावर तो म्हणाला, "या गाडीला जागा नाही. एसएलआर लीजवर आहे."

हेही अर्धंच खरं असतं, म्हणून नीट लिहिते. गाडीच्या टोकांना गार्डचे डबे असतात, त्यांनाच एसएलआर म्हणतात, त्यातले सामानाचे कप्पे रेल्वे कंत्राटदारांना भाड्याने देते. पण कंत्राटदाराला दिलेला कप्पा वेगळा आणि रेल्वेने स्वतःकडे ठेवलेला वेगळा. मी तेच विचारलं, दोन्हीकडचे सगळे कप्पे लीजवर आहेत का? उत्तर आलं नाही. "साहेब आले की बघू." साहेब कधी येणार? "जेवून." मग जेवणाची सुटी झाली, खिडकीला फळी लागली, आणि साहेब दुपारभर आलेच नाहीत.

आम्ही सायकलींपाशी बसून राहिलो. शेजारी मासळीचे थर्माकोलचे खोके रचलेले. बर्फ वितळून पाणी फरशीवरून आमच्या गोणपाटाकडे यायचं, मैत्रीण उठून सायकली हातभर सरकवायची, थोड्या वेळाने पुन्हा ओघळ पोचायचा. तिने एकदाही आवाज चढवला नाही. मी चढवला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. दर अर्ध्या तासाला खिडकीवर जाऊन तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला: आमच्या तिकिटावर लगेज का होत नाही, ते लिहून द्या. लिहून कोणी दिलं नाही, पण "होणार नाही" असंही पुन्हा कोणी म्हटलं नाही. ते "बघू"वर आलं. ही एक पायरी मी हट्टाने चढले असं मला वाटतं. तुम्हाला बोलायला जड जात असेल तर रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवर फोन करा किंवा रेलमदत या रेल्वेच्या तक्रारीच्या अ‍ॅपवर तक्रार टाका, तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि तो खिडकीवर दाखवता येतो. आम्ही तक्रार टाकायला फोन हातात घेतला तेवढ्यात पाळी बदलली.

नवीन आलेले गृहस्थ पन्नाशीपुढचे. त्यांनी तिकीट बघितलं, पीएनआर टाकला, म्हणाले, "सोबत जाताय ना? मग लगेजच होणार." सायकली काट्यावर चढल्या. फॉर्मवर सही. पावती हातात. एका माणसाने ब्रशने काळ्या रंगात गोणपाटावर नंबर आणि स्टेशनची अक्षरं लिहिली. चहा थंड व्हायच्या आत सगळं संपलं. माझा राग नेमका इथला आहे. नियम सकाळी होता तोच संध्याकाळी होता, खिडकी तीच, सायकली त्याच. दहा-पंधरा मिनिटांच्या कामासाठी आम्ही मालवणातला एक दिवस घालवला. सिंधुदुर्ग किल्ल्यात जायचं ठेवलं होतं, ते राहिलं.

आणखी एक, जे मला पावती घेताना आठवलं आणि तुम्ही फॉर्म भरतानाच आठवा: किंमत. लगेज हरवलं तर रेल्वेची जबाबदारी किलोला 100 रुपये एवढीच, जोवर तुम्ही किंमत जाहीर करून त्यावरचा जादा आकार भरत नाही. तेरा किलोची सायकल म्हणजे तेराशे रुपये. गिअरची महाग सायकल असेल तर किंमत लिहा आणि आकार भरा. शिवण्याआधी सायकलचे फोटो काढा, फ्रेमच्या नंबरासकट.

बुकिंग झालं म्हणजे सायकल गाडीत चढली असं नाही. मधल्या स्टेशनांवर गाडी काही मिनिटंच थांबते आणि गार्डाचा डबा प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, पत्र्याच्या बाहेर लागतो. तो कुठे लागणार ते हमालांना बरोबर माहीत असतं. काकांनी हातगाडी आधीच तिथे नेऊन उभी केली. गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्यांनी कागद बघितला, दार उघडलं, दोन्ही सायकली उभ्या आत गेल्या. तुमच्यापैकी एकीने डोळ्यांनी बघेपर्यंत तिथून हलू नये, दुसरीने सामान घेऊन आपल्या डब्याशी थांबावं. आम्ही तसंच केलं. दार लागलेलं बघितल्यावर मी जी धावले ती थेट एस-तीनमध्ये चढले, आणि तिथे मैत्रीण खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडून विचारत होती, "चढल्या का गं?" चढल्या म्हटल्यावर तिने दिवसभरात पहिल्यांदा पार्सलवाल्याला शिवी दिली.

मुंबईत उतरल्यावर लगेच सायकली सोडवा, उशीर केलात तर जागेचं भाडं लागतं. पावती हातातून देण्याआधी गोणपाट मागच्या बाजूने उसवून गिअरचा हात वाकलाय का बघा. आमच्या दोन्ही शाबूत होत्या, पुठ्ठ्याने काम केलं.

दुसरे रस्तेही आहेत. ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकल जाते, बोली आधी करा आणि पुढचं चाक काढून द्या. एसटीचं डेपोत विचारा, पण नव्या गाड्यांच्या टपावर पूर्वीसारखं सामान चढत नाही. छोट्या स्टेशनावर बुकिंगच होत नसतं, तेव्हा सफर कुठे संपवायची ते स्टेशन बघून ठरवा, समुद्रकिनारा बघून नाही. आणि जमलं तर जाण्याच्या दिवशी नाही, आदल्या संध्याकाळी खिडकीवर जाऊन या. दोन्ही पाळ्यांत कोण बसतं ते कळतं.

पुढच्या थंडीत मालवणपासून वेंगुर्ला, शिरोड्यावरून तेरेखोलपर्यंतचा राहिलेला तुकडा करायचाय. मैत्रिणीने चाकं काढून सायकल मावेल अशा दोन बॅगा मागवल्या आहेत. मी मात्र लगेजच करणार आहे, झेरॉक्स आणि पंधरा नंबरचा पाना घेऊन, आणि सिंधुदुर्ग किल्ल्यात पहिल्याच दिवशी जाणार आहे.