खालचे तीन फूट

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, टूसॉनमध्ये घरामागे ‘वॉश’, म्हणजे पावसापुरता वाहणारा कोरडा ओढा असला की घराचा भाव वाढतो. त्याच ओढ्यातून रात्री हावेलिना येतात, हे घर दाखवताना कोणी सांगत नाही. दिसायला रानडुकरासारखे, वीस-पंचवीस किलोचे, कळपाने हिंडणारे. फड्या निवडुंग काट्यांसकट खाणाऱ्यांपुढे माझ्या रताळ्याच्या वाफ्याची काय कथा! कुत्र्यावर तर त्यांचा दात. कायोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, त्यांची पिलं पळवतात आणि आमचा मोती त्यांना कायोटीचाच भाऊबंद वाटतो.

म्हणून कुंपण घालायचं ठरलं. त्याचा पहिला मुक्काम एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना. चेनलिंकची जाळी चालणार नाही, लोखंडी गजच हवेत, तेही त्यांच्या यादीतल्या तपकिरी रंगाचे. शिवाय ओढ्याच्या पात्रापासून मागे सरका. नवरा त्या पट्ट्यासाठी हळहळला, पण मला ते पटलं. मॉन्सूनच्या लोंढ्यात फांद्या येऊन गजांना अडकल्या की कुंपणाचा बंधाराच होतो.

खणण्याआधी ८११ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ दाखवून देणाऱ्या फोन सेवेला, कळवणं सक्तीचं, आणि फुकट. माणसं येऊन जमिनीवर रंग मारून जातात: विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा. आमची पिवळी रेघ नेमकी फाटकाच्या खांबाखालून निघाली, म्हणून फाटकच सरकवलं. मग कॅलिची. हातभर खणलं की चुन्याचा असा घट्ट थर लागतो की पहार टणकन उडते. जॅकहॅमर आणावा लागला. कोटेशनमध्ये ‘कॅलिची लागल्यास जादा’ हे कलम असतं. ते आधी वाचा, कारण ती लागतेच.

हावेलिना गजांनी थांबतात, साप नाही. त्यासाठी खालच्या तीन फुटांना पाव इंची जाळी, आणि तिची कड थोडी जमिनीत पुरलेली. अर्धा इंची स्वस्त पडते, पण तिच्यातून रॅटलस्नेकची पिलं निघून जातात. आमचा मिस्त्री मेक्सिकोतल्या सोनोराचा, या बाबतीत फार काटेकोर. फाटकाखाली पालथा पडून तो फटीत पेन्सिल सरकवत गेला. पेन्सिल शिरली तिथे ब्रशची पट्टी. बिजागरीच्या बाजूची फट मला दिसलीही नव्हती.

बॉबकॅटला, म्हणजे इथल्या रानमांजराला, या कशाचंच सोयरसुतक नाही, तो सहज चढून येतो. म्हणून मोती अंधार पडल्यावर एकटा अंगणात जात नाही.

एक नवीन काम मात्र मागे लागलं. वसंतात गॅम्बेल्स क्वेल हे लाव्यासारखे पक्षी कुंड्यांमध्ये अंडी घालतात. पिलं अंड्यातून बाहेर पडली की लगेच आईमागून चालू लागतात, पण उडता येत नाही आणि जाळीतून जाता येत नाही. त्या दिवशी फाटक उघडं ठेवावं लागतं. सध्या सासूबाई आल्या आहेत, त्या हातात झाडू घेऊन फाटकाशी बसतात. सापासाठी झाडू कशाला, असं विचारायची आमची हिंमत नाही.